अर्ध्याचे चार

उदगीर, कॉलेजची लॅब, रात्रीचे पावणेनऊ.
इन्व्हर्टर कण्हतोय.
मी एक भागिले दोन टाकलं
आणि मशीनने एक भागिले दोनच परत दिलं,
न फोडलेल्या पाकिटासारखं.

मॅडम, क्षेत्र सांगायचं राहिलं, तहेसीन म्हणाली.
खरंच की. आपण कुठं आहोत
ते सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं?
मग सांगितलं: सात.
शून्यापासून सहापर्यंत, बाहेर कुणी नाही.
पुन्हा तोच प्रश्न.
चार, असं उत्तर आलं.

चार दुणे आठ, आठातून सात गेले, उरला एक.
हिशोब चोख आहे.
तरी अर्ध्या भाकरीच्या चार भाकरी झाल्यासारखं
मी जरा वेळ पडद्याकडं बघत राहिले.

आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो.
सोमवारी आला की मग शनिवारी,
मग गुरुवार, मंगळवार, रविवार,
शुक्रवार, बुधवार, आणि परत सोमवार.
सात कुणाच्या भागात जात नाही,
म्हणून एकही वार कायमचा कोरडा राहत नाही.
सहा वारांचा आठवडा असता
आणि पाणी तिसऱ्या दिवशी,
तर चार वारांनी घागरी मांडल्याच नसत्या.

तहेसीन एक्सचा सातवा घात लिहिते,
त्यातून एक्स वजा करते,
साती घरी जाऊन विचारते.
दारोदार शून्य.
मग ही बहुपदी शून्यच ना?
मशीन म्हणतं: असत्य.
ती हसते. मला हसू येत नाही.

नंतर तिनं सहज साताच्या जागी दोन घातले
आणि अ अधिक ब चा वर्ग उलगडला.
अ वर्ग अधिक ब वर्ग.
मधलं दोन अब नाहीच.
असणार कसं, दोन म्हणजेच तिथं शून्य.

हे मी एम.एस्सी.ला दर वर्षी शिकवते.
पण अकरावीची ती चाचणी
कधी त्याच्या शेजारी ठेवली नव्हती.
मन्मथ बिरादार, शेवटचा बाक,
हेच उत्तर, त्यावर माझी लाल फुली, दोन गुण गेले.
भांडला नाही पोरगा. एवढंच विचारलं,
कुठंच होत नाही का मॅडम असं?
मी म्हटलं, कुठंच नाही.

स्टँडसमोर आता त्याचं मोबाईलचं दुकान आहे.
परवा थांबले. तो एका फोनची काच काढून
चालू करत होता, बंद करत होता,
चालू, बंद, तेवढंच.
मी म्हटलं, मन्मथ, तुझं ते उत्तर...
त्यानं मान वर केली,
मॅडम, चार्जर पाहिजे का?

घेतला.
दोनशेचा दीडशेला दिला त्यानं.