डावी स्टिक

नवा कन्सोल आलाय.
खोक्याचं प्लास्टिक शमसुद्दीनकानं माझ्याकडूनच फोडून घेतलं,
कारण करंगळीचं नख मी वाढवलंय,
रिबन केबल उचलायला.

आठ इंची पडदा. उन्हातही दिसेल इतका उजेड,
असं लिहिलंय. कुठलं ऊन ते लिहिलेलं नाही.
दोन्ही बाजूंच्या मुठी चुंबकानं चिकटतात,
खाच नाही, खटका नाही,
टक्, एवढंच.
बॅटरी सहा तास. कागदावर सहा.
झोपवला तर जिथं होता तिथंच जागा होतो गडी.
आणि पान तीनवर, मुंगीएवढ्या अक्षरात,
माझ्या पोटावर पाय:
स्टिका आता घासत नाहीत.
आत काही कशाला टेकतच नाही,
म्हणून झिजत नाहीत,
म्हणून सरकत नाहीत.

अकरा वर्षं मी सरकत्या स्टिकांवर जेवलोय.
शारजात, रोलाच्या मागच्या बोळात,
एक भिंग, एक ट्यूब, स्पिरिटची बाटली
आणि इथली धूळ.
धूळ कसली, पीठ ते.
खिडक्या बंद ठेवा, तरी चहात येतं,
स्टिकच्या बुडाशी जातं,
काळ्या पट्टीवर चरा पाडतं,
मग कुणी बोट न लावता
पडद्यावरचा गडी एकीकडे चालू लागतो,
भिंतीला नाक लावून
चालतच राहतो.
पंचवीस दिरहम. ओळखीच्यांना वीस.

परवा परकार आला.
मुस्तकीम परकार, बाणकोटचा,
खालिद पोर्टला टगवर सारंग.
दोरखंडांनी तळहात असे झालेत
की टचस्क्रीन त्याला ओळख देत नाही.
रुमालातून जुना कन्सोल काढला.
आत मासेमारीचा खेळ.
मी म्हटलं, दिवसभर पाणी, रात्री पुन्हा पाणीच?
म्हणाला, यात मासे आहेत.
टगच्या नशिबी नुसती जहाजं.

मी तो नुसता टेबलावर ठेवला,
तर होडी आपली निघाली डावीकडे.
सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला,
त्यानं माझं मनगट धरलं.
"ते नको. चार्जिंगचं भोक बघ, सैल झालंय."
"अरे, सरकतेय ना ही."
"सरकत नाही. ओढ आहे तिला."

आणि दाखवलं.
अंगठा सरळ नाही, उजवीकडे किंचित कलता,
जोर नाही, नुसता भार.
"खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला,
जायचंय तिथं रोख धरायचा नाही.
जरा वर धरायचा.
उरलेलं पाणी करतं."
होडी सरळ गेली,
ओळंब्यानं आखल्यासारखी.

विकणं माझं काम नव्हे,
तरी मी नवा त्याच्या हातात दिला.
मूठ काढली, लावली. टक्.
पुन्हा काढली. टक्.
आवडलं त्याला ते टक्.
मग होडी घेतली,
तर ती उजव्या काठावर जाऊन आदळे,
पुन्हा वळवे, पुन्हा आदळे.
ज्या पाण्याशी त्याचा अंगठा भांडत होता
ते पाणीच त्यात नव्हतं.

"चांगला आहे," म्हणाला. "केवढ्याला?"
मी आकडा सांगितला.
त्यानं तो मनात तीन हप्त्यांत चिरला, दिसलं मला.
"पोरासाठी बघेन ईदेला.
त्याचा अंगठा अजून कोरा आहे."

भोकाचे दहा घेतले. घ्यायला नको होते.

रात्री शटर अर्धं ओढल्यावर
मी नवा चालू करून टेबलावर ठेवला.
गडी जिथं ठेवला तिथं उभा.
पाच मिनिटं. दहा.
एक पाऊल नाही.
एसीच्या जाळीतून पीठ उतरत होतं,
दिसेल न दिसेल असं,
आठ इंची काचेवर,
दोन्ही स्टिकांच्या गळ्याशी.

स्पिरिटची बाटली हाताशीच होती.
पुसलं नाही मी.