नाल्याच्या अलीकडचं घर

मी रेघा ओढायचो. पगार त्याचाच होता.
महापालिकेच्या निवडणूक शाखेत,
उत्तरेच्या खिडकीपाशी कलतं टेबल,
त्यावर अख्खं नागपूर चार टाचण्यांनी बसवलेलं
आणि शेजारी टाइप केलेला हुकूम:
येथून पूर्वेकडे नाल्याच्या मध्यापर्यंत,
तेथून उजवीकडे वळून पिठाच्या गिरणीपर्यंत...
वॉर्ड म्हणजे एवढंच.
एक लांबलचक वाक्य, ज्यात लोक राहतात.

तांडापेठेतला तो नाला नकाशात निळा.
खरा मात्र कोष्ट्यांच्या कढईचा रंग घेऊन वाहायचा,
सोमवारी जांभळा, गुरुवारी हळदी,
आणि दर श्रावणात थोडी कूस बदलायचा.
मी जागेवर गेलो नाही.
मे महिना होता, पारा पंचेचाळीसला टेकलेला,
कूलरमधला वाळा नुकता भिजवला होता.
जुन्या नकाशावर ट्रेसिंग ठेवलं,
गिरवलं,
चहा प्यायलो.

केशवराव धापोडकर त्या साली उभे होते.
निशाणी कंदील.
प्रचार मागावर बसूनच, धोटा चालू, पाय चालू,
मधेच मान वर:
"नळ आणतो बाप्पा. बाकीचं देवाले माहीत."

मोजणी शाळेच्या हॉलमध्ये झाली,
पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, सुतळी, मेणबत्त्यांची तयारी.
तीनदा मोजलं.
कंदील तीन मतांनी गेला.

धापोडकरांच्या घरची मतं चार:
ते, कौसल्याबाई, म्हातारी आई, धाकटा नामा.
चारही पलीकडच्या वॉर्डात पडली,
जिथल्या कागदावर कंदील नव्हताच.
नाला दहा फूट सरकला होता
आणि माझी रेघ अजून जुन्याच पात्रातून वाहत होती.

हे मला कळलं पावसाळ्यात, टेप घेऊन गेलो तेव्हा.
चपला हातात, गुडघ्यापर्यंत जांभळा.
केशवरावांनी ओट्यावर बसवलं, तांब्या पुढे केला.
मी म्हटलं, पुढच्या वेळी दुरुस्त करू.
ते हसले.
"पुढच्या वेळी नाला कुठं असन,
ते त्यालेच इचारून घ्या सायेब."
चूक कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

मग किती निवडणुका.
वॉर्डाचे प्रभाग झाले, प्रभागाचे पुन्हा वॉर्ड,
एका दारात एक नगरसेवक, मग तीन,
मग पुन्हा एक, मग दोन, मग चार,
आणि गटाराची तक्रार चौघांतून कोणाकडे न्यायची
यावर चहाच्या टपरीत भांडणं.
गठ्ठे गेले, सुतळी गेली,
यंत्राची लांब शिट्टी आली.
आरक्षणाची चिठ्ठी तिसरीतल्या पोरीने काढली:
महिला.
लोक कौसल्याबाईंच्या दारात. उभ्या राहा.
त्या सूप पाखडत होत्या.
म्हणाल्या, "आंधी हद्द दाखवा."
फॉर्म भरायच्या आधी नाल्याकाठी चालत गेल्या,
उजवीकडची घरं बोटांवर, डावीकडची पदराच्या गाठींवर.
पडल्या. अनामत वाचली.
त्या वर्षीची रेघ मी जागेवर जाऊन ओढली होती,
भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून,
पण हे त्यांना कोण सांगणार.

आता रेघा संगणक ओढतो.
मधे काही वर्षं निवडणूकच नव्हती, प्रशासक होता,
आणि मला घरी बसून उगाच वाटायचं
टेबलावरच्या टाचण्या कोणीतरी उपटून नेल्या.

नाल्यावर स्लॅब पडलाय.
वर स्कूटर, पाणीपुरीची गाडी, नामाचं पानाचं दुकान.
नामा मला ओळखत नाही. सुपारी जास्त टाकतो.

यंदा यादी लागली तेव्हा चष्मा लावून गेलो.
केशवराव जाऊन नऊ वर्षं झाली,
नाव कोणी कापलेलं नाही.
धापोडकर केशव गोमाजी, पुरुष,
वय अजून वाढतंय,
घर नाल्यापलीकडे.