मधली शिवण

कापड सपाट असतं तोवर सगळेच कारागीर.
मीही आधी ओढण्यांवर शिकले,
मग उशांचे अभ्रे, शाळेच्या खिशांवरचे बिल्ले.
रिंगीत घालायचं, स्क्रू आवळायचा,
टिचकी मारायची,
ढोलकीसारखं वाजलं की मशीन सुरू.

टोपी वाजत नाही.
तिच्या आत बकरम असतं, कपाळाचा हट्ट धरून बसलेलं,
आणि बरोबर मध्यावर, जिथे सगळ्यांना नाव हवं असतं,
तिथेच शिवण. चार पदरी.
सुई तिथवर येते, वाकते, मोडते.
तुकडा उडून कुठे गेला
ते संध्याकाळी झाडूला कळतं.

नारळी पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस
हर्णैच्या माझ्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते.
एकेका होडीच्या अकरा टोप्या, तांडेलाची लाल.
कुणाला देवीचं नाव, कुणाला पिराचं,
एकाने नावाखाली मोबाईल नंबर घालून घेतला.
कुणी लाइफ जॅकेट आणतं, आत इतका फोम की रिंग मिटत नाही.
कुणी रेक्झीनची पिशवी,
जिच्यावर चुकलेलं भोक जन्मभर तसंच राहतं.
एक जण पायमोजा घेऊन आला.
एकच.
मी विचारलं नाही.

त्याच गर्दीत पाजपंढरीचा हिराजी चोगले.
डोक्यावरचीच टोपी काढून टेबलावर ठेवली.
आत मिठाची पांढरी रेघ, भरती येऊन गेल्यासारखी.
समोर पिवळ्यात 'समुद्रकन्या'.
"ती गेली भंगारात. हे काढ, हितंच 'वेदिका' घाल.
नव्या मालकाची नात."
म्हटलं, नवी टोपी साठ रुपयाला मिळते.
"नवी डोक्यात बसत नाय गो, सुरय्याबाय."

दोरा वरून काढायचा नसतो.
टोपी उलटी करून आतला बॉबिनचा पांढरा दोरा
ब्लेडने हळूहळू कापत जायचं,
मग वरचा पिवळा चिमटीत येतो
कोळंबीच्या पायांसारखा.
अर्धा तास लागला.

दोरा निघाला. नाव निघालं नाही.
नऊ वर्षांच्या उन्हात टोपी विटून राखाडी झालेली,
अक्षरांखाली तेवढं निळं होतं तसंच,
काल दुकानातून आणल्यासारखं.
'समुद्रकन्या', आता निळ्यात.
हिराजीने टोपी बल्बखाली धरली,
कलती केली, सरळ केली.
"ह्याच्यावर नको."

मग कुठे?
"हितं," म्हणाला, आणि डाव्या कानाच्या वर बोट टेकवलं.

ती जागा कुठल्याच फ्रेमला धरता येत नाही.
रिंगीत नुसता कागद ताणला, त्यावर गोंदाचा स्प्रे,
त्यावर टोपीची बाजू दाबून चिकटवली.
मशीन सगळ्यात हळू.
एक कड मी धरली, चोच त्याने,
नांगराचा दोर धरतात तशी,
ना घट्ट ना सैल.
'वे' झाला.
तेवढ्यात बर्फाचा कारखाना सुरू झाला, व्होल्टेज पडलं,
'दि'ची वेलांटी नेमकी बाजूच्या शिवणीवर आली
आणि टक्.

नवी सुई लावली. सांधा अर्ध्या दोऱ्याने चुकला.
मला दिसतो. त्याला दाखवला.
"असू दे. होडीला पण असतो."
पैसे मोजताना थांबला,
"काढायचे येगळे?"
म्हटलं, काढायचे घेत नाही.
निघालं तरी कुठे?

लिलावाची वेळ झाली होती.
किनाऱ्यावर बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरलेल्या,
पलीकडे सुवर्णदुर्ग काळा पडत चाललेला.
गाळ्याच्या दारातून त्याला जाताना पाहिलं.
कुणी हाक मारली की वळायचा,
वळला की 'वेदिका',
समोर आला की ती दुसरी,
उन्हाच्या उतारात जरा जास्तच निळी.

रात्री दोनदा झाडलं.
सुईचा तो तुकडा अजून सापडलेला नाही.