चार बोटं

खिडकी वर-खाली सरकणारी. दोन चौकटी,
एकीच्या मागे एक, आपापल्या खाचेत.
भिंतीच्या पोटात लोखंडी वजनं दोरीला टांगलेली;
चौकट वर ढकलली की आत कुणीतरी घसा खाकरतं.
मोहननगरातल्या या भाड्याच्या माडीवर अशा सहा.
एकीत कूलर बसवलाय, ती जूनपर्यंत बंदच.
उरल्या पाच. कडी एकीलाही नाही,
आधीच्यांनी ठोकलेले खिळे आणि सुतळीचे तुकडे तेवढे आहेत.

इतवारीत तय्यबभाईंनी काउंटरवर पेपर पसरला,
त्यावर एकेक मांडत गेले:
चंद्रकोरीसारखी पितळी कडी, फिरवली की
दोन्ही चौकटींना मधोमध आवळून धरणारी;
किल्लीची खिट्टी;
आणि बोटभर लांबीचा साधा अडसर, वरच्या चौकटीत रुतणारा,
खालची तिथवर येऊन थांबते.
‘अस्सल पितळ,’ म्हणून त्यांनी गल्ल्यातून चुंबक काढला,
लावून दाखवला. चिकटला नाही.
‘चोराची भीती आहे ना?’
म्हटलं, नाही. आतलं माणूस बाहेर जाऊ नये म्हणून.
त्यांनी चुंबक गल्ल्यात ठेवला
आणि अडसर तेवढे पुढे सरकवले.

बाबा छोट्या लाइनीवर गार्ड होते.
इतवारी, उमरेड, भिवापूर, नागभीड.
आता रात्री अडीचला कुठल्याही इंजिनाची शिट्टी झाली
की उठतात, चौकट वर सारतात,
कमरेपासून बाहेर वाकून टॉर्च हलवतात,
सावकाश, समोरून कुणी पाहत असल्यासारखी.
काचेवर हिरवा जिलेटिन कागद मीच चिकटवलाय.
परवा एक गुडघा बाहेर होता.
खाली फरशी.

देवाजी मिस्त्री म्हणाला, ‘आत्ता नोका लावू, बाई.
मे हाय. लाकूड सुकून बसलं हाय.
आज माप घेतलं त ऑगस्टात अडकते,
ऑगस्टात घेतलं त उन्हाळ्यात खुळखुळते.’
म्हटलं, अडीच रोज वाजतात.
तो चौकटीवरून अंगठा फिरवत राहिला.
‘मंग भोक गोल नाही करत, लांबट करतो.
सागवान असलं तरी त्याले हलाले जागा पायजे.’

पटाशीखाली रंग निघाले: पांढरा, पोपटी,
त्याच्याखाली चॉकलेटी, मग उघडं लाकूड, गुळाच्या रंगाचं.
आधी लोखंडी स्क्रू फिरवून वाट केली, काढला,
मग पितळी, मेणबत्तीवर घासून.
पितळाचं डोकं नाजूक असतं, म्हणे. जोर लावला की मोडते.

‘उघडू किती द्याची?’
मला उत्तर सुचेना. पेन्सिल कानावरच राहिली.
मग त्यानंच हाक मारली, ‘गार्डसाहेब,
दिवा धरून दाखवा जरा.’
बाबांनी टॉर्च मुठीत घट्ट धरली, हात फटीतून बाहेर घातला.
मिस्त्रीनं चौकट हळूहळू खाली आणली,
मनगटाला टेकेपर्यंत, मग केसभर वर.
चार बोटं आणि थोडं. तिथे खूण.
डोकं जाणार नाही. खांदा तर नाहीच.
बाबांनी अडसर ओढून पाहिला.
‘ब्रेक पॉवर किती?’
‘पूर्ण हाय जी.’
त्यांनी मान हलवली. कागद मागितला नाही.

किल्ली उशाखाली ठेवू नका, मिस्त्री जाताना म्हणाला,
आगबिग लागली त अंधारात हाताले लागली पायजे.
दाराशी खिळ्यावर टांगलीय, त्यांच्या शिट्टीशेजारी.

मे गेला, जून, जुलै. रोज अडीचला
पितळेवर लाकूड टेकल्याचा आवाज,
मग फटीतून एक हात, हिरवा.
मी कूस बदलून झोपायला शिकले.

ऑगस्टात लाकूड फुगलं.
चौकट जागची हलेना. त्यांनी दोनदा ढकलली,
टॉर्च विझवली, माझ्या पलंगाशी येऊन
हलक्या आवाजात सांगितलं, ‘सिग्नल नाही. गाडी उभी आहे.’
आणि पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिले,
बूट घालून.

सकाळी मिस्त्रीला फोन केला.
म्हटलं, रंधा घेऊन या. आजच.