पट्ट्यावरचे दगड

ओडीलचा पहिला मसुदा मी परत केला.
त्यात 'नेतृत्व' सात वेळा होतं
आणि ओडील एकदाही नव्हती.

"मग काय लिहू?"
नखातली माती दुसऱ्या नखानं कोरत तिनं विचारलं.
सप्टेंबर संपत आलेला.
इथं, मेनच्या उत्तर टोकाला,
बटाटे काढायला शाळाच बंद ठेवतात.
तरी ती आली होती तासाभरासाठी,
काकाचा ट्रक बाहेर घुरघुरत ठेवून.

शेतावर काय करतेस?
"दगड वेचते."
एवढंच?
"एवढंच. यंत्र सगळं एकत्र उपसून आणतं,
पट्टा धावत असतो. बटाटे, ढेकळं, दगड,
सगळ्यांवर एकच माती.
डोळ्यांना नाही कळत, सर. हाताला कळतं.
दगड गार लागतो."

हे लिही, म्हटलं.
ती हसली. हे कोण वाचणार?

दुसऱ्या मसुद्यात दगड आले,
पण शेवटच्या परिच्छेदात त्यांचे
'आयुष्यातले अडथळे' झाले.
मी समासात लिहिलं:
दगडाला दगड राहू दे.

तिसरा आला पहाटे पावणेपाचला.
गेल्या हंगामात एक दगड तिच्या हातून सुटला होता.
ती फोन बघत होती.
फेब्रुवारीत कोठार उघडलं
तेव्हा त्याच्याभोवती वावभर ढीग सडून पाणी झालेला.
आजोबांनी विचारलं नाही, पट्ट्यावर कोण होतं.
दगड धुतला, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला.
तो अजून तिथंच आहे.
भांडी विसळताना ती त्याच्याकडे बघत नाही.

चारशे बारा शब्द. मर्यादा साडेसहाशेची.
यातून तू काय शिकलीस, तेही घाल,
विद्यापीठांना ते लागतं, असं मी टाईप केलं
आणि पाठवलं नाही.
एक स्वल्पविराम तेवढा हलवला.
नंतर तोही होता तिथं परत नेला.

सोमवारी तिनं विचारलं,
"आजोबांना आधी वाचून दाखवू, की आधी पाठवू?"
याचं उत्तर माझ्याकडच्या कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.
ती खांदे उडवून गेली. ट्रकचा हॉर्न वाजत होता.

आता शिफारसपत्र मला लिहायचंय.
सोळा वर्षं लिहितोय ही पत्रं.
पहिल्या ओळीत 'मेहनती', दुसऱ्या ओळीत 'नेतृत्व',
आणि रात्रीचे अकरा वाजलेत.
शब्द सरकताहेत एकामागून एक,
हाताला अजून काहीच गार लागत नाही.