साडेचार बाय सहा

एकोणीस वर्षं शाळेची पोरं वाहिली या गाडीनं,
सुटीत वराती, आणि दोनदा अडलेली बाळंतीण
आर्वीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत.
आता सीट काढल्या. खाली सापडलं
अर्धं खोडरबर, चिंचोके, एका पायातला मोजा.
रेवनाथ म्हणाले, आता हिच्यात आपण झोपू.
जिथं वाटलं तिथं थांबू.

आडवं झोपावं तर आतली रुंदी पाच फूट चार
आणि हे पाच फूट नऊ.
पाच इंच माणूस कुठं ठेवायचा?
गुडघे मुडपून झोपतीलही ते, तक्रार न करता,
स्टेअरिंगमागं झोपत आले तसेच,
लग्नाची पंगत उठेपर्यंत.
म्हणून उभंच. लांबी सहा फूट.
पायथ्याशी भिंतीकडून मागचं चाक नऊ इंच खातं.
मी म्हटलं, ती बाजू माझी; मी आखूड आहे.

रुंदीचं मात्र कोणाला सांगता येईना.
गुणवंता सुतार म्हणाला, साडेतीन लय झालं,
बाकी सामानाले. घरी कितीवर झोपता?
घरी!
घरी हे अंगणात बाजेवर,
मी आत नातवंडांच्या लाथा खात.
छत्तीस वर्षांत आमच्या अंथरुणाला
रुंदी अशी कधी नव्हतीच.
भिंत लागेल तिथं ते संपायचं.

हबीबभाई गादीवाल्यांनी फोम दाबून दाखवला:
हात काढला की खड्डा भरून येतो,
जसं कोणी बसलंच नव्हतं.
मला ते आवडलं नाही.
शिवाय मे महिन्यात, पत्र्याच्या टपाखाली,
फोमवर माणूस शिजायचा.
काथ्या पाठीला बरा, पण कुशीवर झोपणाऱ्याच्या
खांद्याशी भांडतो.
कापूस तर आमच्याच रानातला;
पण दोन पावसाळ्यांत त्याचे गोळे होतात,
आणि उन्हात टाकायला
चालत्या गाडीनं अंगण कुठून आणावं?

"खाली काथ्या दोन इंच, वर कापूस दोन,
टाके जवळजवळ," हबीबभाई म्हणाले.
"सहा इंची नका करू वहिनी,
उठून बससान तं अंबाडा टपाले लागन."
मग कानामागची पेन्सिल काढली:
"रात्री कोण उठते? तो दाराकडं."
मी म्हणाले, हे.
हे म्हणाले, ही.
हबीबभाईंनी दोघांचीही नावं लिहिली
आणि रुंदीची जागा कोरी सोडली.

संध्याकाळी सारवलेल्या अंगणात
मी चुन्यानं चौकट आखली. चार बाय सहा,
एका कोपऱ्यात चाकाचा घास.
दोघं आत आडवे झालो.
कौतिकाबाई कुंपणावरून: "काय झालं वो माय? पडले का?"
"काही नाही. झोपून पाहून रायलो."
"पाहा मंग," म्हणाली,
आणि तिथंच उभी राहिली.

वर निंबाची फांदी. जिनिंगचा भोंगा झाला.
मी हात सैल सोडला, कोपर कुठं लागलं नाही.
"पुरते," रेवनाथ म्हणाले.
मलाही वाटलं, पुरतं.

उठल्यावर पाहिलं.
माझ्याकडची रेघ जशीच्या तशी,
कोंबडीनंही न ओलांडलेली.
त्यांच्याकडची खांद्यापासून टाचेपर्यंत पुसलेली;
चुना सगळा सदऱ्याच्या पाठीवर.

मी काही बोलले नाही. सदरा झटकला.
रात्री गुणवंताला फोन केला:
शेगडीचा ओटा सहा इंच कमी कर.
"एकच गंज मावन त्याच्यावर," तो म्हणाला.
मावू दे.
आणि हबीबभाईंना: लिहा, साडेचार.

दाराकडं कोण,
ते अजून ठरायचं आहे.