डावीकडे बघणारा बिबट्या

एकतीस वर्षं फोर्टातल्या टांकसाळीत कोरत बसलो,
तेही उलटं.
नाण्यावर उजवीकडे बघणारं जनावर
माझ्या हाताखाली डावीकडेच बघायचं,
आणि अंग म्हणाल तर त्याला अंग नव्हतं, खळगा होता.
पोलादात सगळ्यात खोल खांदा,
शेपटीकडे येता येता उथळ.

शेवटचा संच चांदीचा, निळ्या मखमलीच्या डबीतला:
शेकरू, हरियाल, रोहित, बिबट्या.
हरियाल बघून साहेब म्हणाले, पांचाळ, हे तर कबुतर.
म्हटलं, साहेब, चांदीत हिरवं कुठून आणू?
रोहितासाठी शिवडीच्या चिखलाकाठी दोन रविवार उभा राहिलो.
बिबट्यासाठी राणीच्या बागेत गेलो,
तो झोपलेला.
झोपलेल्यावरूनच चालता केला.
ठिपके एकशे बारा.

मग वाळकेश्वरहून एका गृहस्थांचा फोन:
भिंगाखाली धरलंय, मिशीत एक केस कमी आहे,
चूक असेल तर आणखी सहा संच घेतो.
चूक हा शब्द इतक्या आनंदानं
मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.
म्हटलं, गळला असेल.

माझ्याकडे त्यातलं एकही नाणं नाही.
किंमत पगाराबाहेरची, आणि सुटताना रोज झडती.
नखातली चांदीची धूळसुद्धा
तिथंच धुऊन यायची.

आता मुलुंडला मुलाकडे असतो, डोंगराला लागून.
परवा पहाटे मागच्या नळापाशी वॉचमन ओरडला.
वनखात्याची मुलगी आली, रेवती बरफ,
बाह्या सारून उकिडवी बसली.
बाबा, तिथं पाय नका ठेवू.

ओल्या मातीत चार बोटं, एक तळवा.
नखं नाहीत, आत ओढलेली.
चष्मा काढून वाकलो.
तळवा खोल, बोटांच्या टोकांना उथळ,
आणि कड! एका दाबात उठलेली,
दुसरा हात फिरवलेला नाही.

तिनं प्लास्टर कालवून ओतलं.
तेवढ्या वेळात सेक्रेटरींनी दोन फोन केले,
पिंजरा लावा, पिंजरा लावा.
ती चहा पीत राहिली.
मग तो पांढरा तुकडा उचलून, पालथा करून,
माझ्या तळहातावर ठेवला.

मला वाटलं होतं गार लागेल.
कोमट होता.
प्लास्टर घट्ट होताना तापतं, ती म्हणाली.
असेल.

उजवा पंजा ना, मी विचारलं.
डावा, बाबा.
तुम्ही उलटं बघताय.

वर आलो तेव्हा नखांत पांढरी धूळ होती.
जिन्यात कुणी अडवलं नाही,
हात उघडून दाखवा म्हणालं नाही.
सूनबाईनं साबण पुढं केला.
म्हटलं, राहू दे थोडा वेळ.